आरपारची नक्षी

साताऱ्याकडच्या दगडाला नक्षी नसते. अजिंक्यतारा घ्या, सज्जनगड घ्या, वाईचे घाट घ्या की लिंबची बारा मोटांची विहीर घ्या, सगळीकडं तोच काळा कातळ. एकरंगी, बिनशिरांचा. त्याच्यावर जे काही उमटलेलं दिसतं ते पाथरवटाच्या छिन्नीनं उमटवलेलं. सांगलीच्या गणपती मंदिरासाठी पटवर्धनांनी जोतिबाच्या डोंगरातला दगड आणला असं सांगतात. तोही याच जातीचा. उन्हात तापतो, पावसात आणखी काळा होतो, आणि शेकडो वर्षं जागचा हलत नाही. मला हा दगड फार आवडतो. पण संगमरवरात दिसणारे ढग, त्यातली वाहती रेघ, रंगात रंग मिसळता मिसळता मध्येच थांबलेला, हे काही त्याच्या अंगी नाही.

वरून पाहिलं तर नाही, असं म्हणायला हवं. खटावकडं माझं आजोळ. उन्हाळ्यात येरळेचं पात्र कोरडं पडलं की आम्ही पोरं त्यात गारा वेचायला जायचो. दोन गारा घेऊन अंधाऱ्या खोलीत एकमेकींवर घासायच्या, मग आतून नारिंगी उजेड झळकायचा आणि जळका वास यायचा. बहुतेक गारा दुधी असत. पण एखादी हाताला जड, वरून खरबरीत, मातकट निघायची, आणि फोडली की आत एकाभोवती एक अशी कडी: राखाडी, पांढरं, धुरकट, मग मधाच्या रंगाचं, आणि अगदी मधोमध बारीक चमचमणारे खडे. त्या काळ्या कंटाळवाण्या कातळाच्या पोटात हे होतं, यावर माझा कितीतरी दिवस विश्वास बसत नव्हता.

हा अकीक. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले, तेव्हा त्यात वायूचे बुडबुडे अडकले. लाव्हा थिजला, बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढं खडकातून झिरपणाऱ्या पाण्यानं आपल्याबरोबर सिलिका आणली आणि पोकळीच्या भिंतीला आतून एक पातळ थर दिला. मग दुसरा. मग तिसरा. पाण्यात लोह जास्त असलं की थर तांबूस, कमी असलं की पांढरा. म्हणजे अकिकातलं प्रत्येक कडं ही पाण्याची एकेक फेरी आहे. आजूबाजूचा कातळ झिजून त्याची काळी माती झाली, अकीक मात्र झिजला नाही. तो मातीत, वाळूत, ओढ्यात सुटा पडून राहिला.

आपण त्याला गारगोटी म्हणून लाथाडत होतो, तेव्हा बाकीचं जग त्याच्यासाठी पैसा मोजत होतं. पहिल्या शतकात तांबड्या समुद्राच्या वाटेनं व्यापार करणाऱ्या कुणा ग्रीक खलाशानं ‘पेरिप्लस’ लिहून ठेवला आहे. त्यात पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, या दख्खनच्या दोन मोठ्या बाजारपेठा म्हणून येतात. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, तेर तिथून पुढं दहा दिवस पूर्वेला. पैठणहून गाड्या भरभरून पट्टेदार दगड अवघड वाटांनी भडोचच्या बंदराला उतरत, आणि तिथून पश्चिमेला जात. रोमन श्रीमंतांना अशा दगडांचं वेड होतं. ज्यांना दगड परवडत नव्हता त्यांच्यासाठी तिथल्या कारागिरांनी काचेत पट्टे ओतून तसेच पेले आणि वाट्या घडवल्या. या नकली दगडाचाही त्याच ‘पेरिप्लस’मध्ये उल्लेख आहे, इजिप्तमधल्या एका शहरात तो काचेपासून होई. इकडून खरा निघतो आहे, तिकडं त्याचं काचेतलं रूप तयार होतं आहे, आणि दोन्ही एकाच समुद्रावर आहेत. हे वाचल्यापासून ‘नकली’ म्हटलं की जो तुच्छ भाव मनात येतो तो माझ्या मनात यायचा थांबला. ज्याची नक्कल करायला दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं भट्टीपुढं घाम गाळत होती, तो दगड आपल्या ओढ्यातला.

खंबातच्या अकीक कारागिरांची एक रीत इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. रतनपूरकडून येणारे मातकट पिवळे दगड ते मातीच्या मडक्यांत भरतात आणि शेणींच्या धगीत मडकी भाजतात. उष्णतेनं दगडातल्या लोहाचा रंग बदलतो आणि दगड लालबुंद निघतो. दगडाला रंग चढवायला मडकं लागतं. कुंभार आणि दगड यांचं नातं इतकं जवळचं आहे.

आता मुद्द्याच्या भांड्यांकडं येतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अठराव्या शतकातली इंग्लिश मातीची भांडी आहेत, आणि त्यांत स्टॅफर्डशरची ‘अगेटवेअर’, म्हणजे अकिकासारखी दिसणारी भांडी. चहादाण्या, साखरदाण्या, सुऱ्यांच्या मुठी, आणि बसलेल्या छोट्या मांजरी. मांजरीच्या अंगावर तपकिरी आणि दुधी पट्टे लाटांसारखे वाहत गेलेले, कानांवर निळा शिडकावा. ते पट्टे ब्रशनं काढलेले नव्हते. तपकिरी मातीचा थर, दुधी मातीचा थर, पुन्हा तपकिरी असा गोळा करून, तो दाबून, कापून, पातळ लाटून ते मांजर घडवलं होतं. तिथं मी बराच वेळ थांबलो.

या कामात दोन वाटा होत्या आणि त्यांची नावंही वेगळी होती. एक आरपार अकीक: रंगीत मात्याच मळून घ्यायच्या, म्हणजे भांडं कुठंही फुटलं तरी तुटल्या कडेला तीच नक्षी. दुसरा वरचा अकीक: भांडं साधं दुधी मातीचं, त्याच्यावर रंगीत पातळ मातीचे ओघळ सोडायचे, थोडे ढवळायचे आणि वर झिलई द्यायची. थॉमस व्हील्डन हा पहिल्या वाटेतला मोठा हात. जोसाया वेजवूडनं १७५४ पासून काही वर्षं त्याच्याबरोबर भागीदारीत काम केलं आणि नंतर १७६९ मध्ये स्वतःचा एट्रुरिया कारखाना सुरू केला. वेजवूडच्या त्या सुप्रसिद्ध अकिकी कलशांपैकी बरेचसे दुसऱ्या वाटेचे आहेत. ते देखणे आहेत, डौलदार आहेत, सोनेरी कानांचे आहेत. माझं मन मात्र पहिल्या वाटेपाशीच राहतं.

का, ते सांगतो. वरचा अकीक दगडाच्या दिसण्याची नक्कल करतो. आरपार अकीक दगडाच्या घडण्याची नक्कल करतो. डोंगरानं थरावर थर दिले, कुंभारही थरावर थर देतो. तिथं पोकळीच्या भिंतीप्रमाणं थर वळले, इथं कुंभाराच्या तळहातानं वळतात. रंग देणारं तिथं लोह, इथंही लोह. कोटी वर्षांचं काम एका दुपारी होतं इतकाच फरक. याला मी फसवणूक म्हणायला तयार नाही. शिवाय फसतं तरी कोण? चहादाणी उचलली की हाताला कळतं, ही माती आहे.

जपानमध्ये तर ही कला फार वर गेली. चीनमध्ये तांग काळातही मातीत माती मळून लाकडाच्या रेषांसारखी भांडी करत. पण जपानच्या कासामा गावात मात्सुइ कोसेइ नावाचे एक बौद्ध पुरोहित होऊन गेले. देवळाचा कारभार सांभाळता सांभाळता त्यांनी आयुष्य या एका कामात घातलं, आणि १९९३ मध्ये जपान सरकारनं त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. त्यांच्या भांड्यांची छायाचित्रं मी पुनःपुन्हा पाहतो. काही भांड्यांचा पृष्ठभाग मुद्दाम तडकू दिलेला आहे, आणि प्रत्येक भेगेत आतल्या रंगाचा थर उघडा पडला आहे.

हे हातानं कसं होतं ते मला कराडजवळच्या एका गावात पाहायला मिळालं. माझ्या मित्राची पुतणी, कुंभाराच्या घरातली, पुण्यात राहून आधुनिक पद्धतीची कुंभारकी शिकली आणि घरी परतली. घराच्या मागं पत्र्याची शेड, त्यात गॅसची छोटी भट्टी आणि विजेचं चाक. शेजारीच आजोबांचं जुनं दगडी चाक भिंतीला टेकवून ठेवलेलं. आजोबांनी आयुष्यभर कृष्णाकाठच्या पोयट्याचे रांजण, घागरी, वेळण्या केल्या. आता ते उकिडवे बसून नातीचं काम बघतात आणि गरज नसताना एक शब्दही बोलत नाहीत.

तिनं आधी घरची काळी माती आणि विकत आणलेली पांढरी चिनी माती सरळ एकावर एक ठेवून पाहिली होती. ती भांडी सुकतानाच जोडावर उकलली. आजोबांना ते आधीच माहीत होतं. “काळी लई आक्रसती,” ते म्हणाले. “पांढरी तिच्यासंगं पळत न्हाई. उन्हाळ्यात रान फाटतंय ते बघितलंस न्हवं?” खरं आहे. काळ्या कातळाची ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की इतकी आकसते की वैशाखात रानातल्या भेगांत हात जातो. म्हणूनच जुने कुंभार ती नुसती कधीच वापरत नाहीत. राख, लीद, बारीक वाळू घालून तिला आवरतात.

मग तिनं वेगळा मार्ग धरला. मूळ माती एकच घ्यायची, पांढरी. तिचे तीन भाग करायचे. एक तसाच. एकात चाळलेली घरची काळी माती थोडी कालवायची. एकात गेरू. तिन्हींचं अंग एकच असल्यामुळं त्या साधारण एका चालीनं आकसतात. हे तीन गोळे लाटून तिनं थापीसारख्या चपट्या वड्या केल्या, एकावर एक रचल्या, तारेनं मधोमध कापल्या, पुन्हा रचल्या. कापलेल्या कडेवर अळूवडीचा उंडा कापल्यावर दिसतात तशी वेटोळी दिसत होती. मग ती मळायला बसली, आणि इथंच सगळी मेख आहे. कमी मळलं तर थरांमध्ये हवा राहते आणि जोड कच्चे राहतात. जास्त मळलं तर तिन्ही रंग एकमेकांत विरतात आणि हाती येतो एक मळकट करडा गोळा, ज्यातून काहीही परत वेगळं काढता येत नाही. कुठं थांबायचं हे सांगणारं कोणतंही माप नाही. ती थांबली तेव्हा मला वाटलं, फार लवकर थांबली.

चाकावर चढवल्यावर तर सगळंच बुडालं. पाण्याच्या हातानं गोळा वर खेचताना तिन्ही रंगांचा चिखल होऊन पृष्ठभागावर पसरला आणि वाटी चक्क साध्या राखाडी मातीची दिसू लागली. नक्षीचा मागमूस नाही. तिनं ती तशीच सावलीत ठेवली. अर्धवट सुकून टणक झाली तेव्हा वाटी पालथी घालून पुन्हा चाकावर बसवली आणि पत्र्याच्या पट्टीनं खरवडायला घेतली. पहिल्या फेऱ्यात राखाडी साल गेली. दुसऱ्या फेऱ्यात पट्टीखालून एक पांढरी रेघ निघाली, मग तिच्या कडेनं तांबडी, मग काळपट. आणि चाकाच्या फिरण्यानं पिळल्या गेलेल्या त्या तिन्ही रेघा बुडापासून काठापर्यंत तिरप्या चढत गेलेल्या दिसल्या. अकीकही असाच असतो. वरची साल मातकट, कापून घासला की मग रंग.

भाजताना एक वाटी तडकून दुभंगली. तिनं ती बाजूला टाकली, आजोबांनी उचलली. तुटलेली कड अंगठ्यानं चाचपली, उजेडाकडं धरली, आतली बाजू बघितली, बाहेरची बघितली. “आत बी तेच हाय की गं,” ते म्हणाले. या शेडमध्ये त्यांनी काढलेला कौतुकाचा उद्गार मी तेवढाच ऐकला.

मातीची ही गोष्ट घरच्या फरशीपर्यंत येऊन पोचते. सांगलीत गावभागात आमचं जुनं घर आहे. माझ्या आजोबांनी स्वातंत्र्यानंतर लगेच बांधलेलं. सोप्यात संगमरवरी दिसणाऱ्या सिमेंटच्या फरश्या आहेत: हिरवट भुई, तिच्यात पांढरे आणि शेंदरी ढग, कडेनं लाल पट्टी. या फरश्या भट्टीत जात नाहीत. साच्यात आधी रंगीत सिमेंटचा पातळ घोळ ओततात, दोन-तीन रंग अर्धवट ढवळून, म्हणजे ते मिसळतात पण विरत नाहीत. त्याच्यावर कोरड्या मसाल्याचा थर, मग जाड थर, आणि दाबयंत्राखाली दाबून पुढं पाण्यात मुरवतात. मुंबईत सिधवा मंडळींनी १९२२ मध्ये ‘भारत फ्लोअरिंग्ज’ काढली ती स्वदेशीच्या भरात, परदेशी फरश्यांना इथला पर्याय द्यायचा म्हणून. नंतर असे छोटे कारखाने गावोगावी निघाले. या फरशीचा रंगीत थर काही मिलिमीटर जाड असतो. सत्तर वर्षं पाय घासले, तरी दाराशी झिजून खळगा झालेल्या जागीसुद्धा ढग आहेत तसेच आहेत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या सोप्यात पाणी छातीभर होतं. ओसरल्यावर गाळाचा जाड थर राहिला. फावड्यानं ओढला, पाइपनं धुतला, आणि खालून त्या हिरव्या फरश्या जशाच्या तशा वर आल्या. लाकडी कपाट गेलं, पुस्तकं गेली, भिंतीचा गिलावा गेला. फरश्यांतल्या मात्र मोजक्याच, उंबऱ्याजवळच्या, खालची जमीन खचल्यामुळं फुटल्या.

त्या बदलायच्या म्हणून मी दुकानात गेलो. तिथं आज इटलीतल्या कुठल्याही संगमरवराचं रूप मोरबीहून येतं. दिसायला हुबेहूब, छपाई इतकी बारीक की शिरेतली शीर दिसावी. पण कडेनं पाहिलं तर फरशीचं अंग पांढुरकं, आणि संगमरवर फक्त वरच्या कातडीत. चार-पाच चेहरे आलटून पालटून छापलेले असतात, म्हणून हॉलभर बसवल्यावर तोच ढग पुन्हा पुन्हा भेटतो. दुकानदार भला माणूस होता. मी कड बघतो आहे हे पाहून त्यानं आपण होऊन सांगितलं, “काका, हे छापील आहे. जिन्याला घालणार असाल तर डबल चार्ज घ्या, त्यात रंग तीन-चार एम.एम. खोल जातो. फुल बॉडी हवी तर तीही मिळते, आरपार एकच माल.” मला फार बरं वाटलं. स्टॅफर्डशरच्या कुंभारांना जो फरक महत्त्वाचा वाटला, तो सांगलीच्या दुकानदारालाही वाटतो. जिथं पाय पडणार तिथं नक्षी खोल हवी, हे त्याला धंद्यानं शिकवलं आहे.

छापील फरशीवर माझा राग नाही. ज्या घरात पहिल्यांदा स्वच्छ, घासता येणारी जमीन आली, तिथं तिनं सुख आणलं आहे, आणि तेही परवडेल अशा किमतीत. पण तिचा कोपरा उडाला की आतलं पांढरं उघडं पडतं आणि मग ते झाकायला पायपोस टाकावा लागतो. आमच्या फुटक्या सिमेंटच्या फरशीचा तुकडा मी टेबलावर ठेवला आहे. त्याच्या कडेला रंगाचा थर सरळ मोजता येतो.

वेजवूडची अजून एक गोष्ट आहे, आणि आमच्या भागातल्या माणसानं ती मुद्दाम लक्षात ठेवावी. अकिकाच्या आगेमागे, १७६८ च्या सुमाराला, त्यानं एक निव्वळ काळं भांडं बाजारात आणलं. झिलई नाही, मातीत पट्टे नाहीत. काळी, गुळगुळीत, दगडासारखी घट्ट भाजलेली माती. त्याला नाव दिलं ‘ब्लॅक बसाल्ट’. डोळ्यांपुढं इजिप्तच्या काळ्या पाषाणाची शिल्पं होती. काळेपणा आणण्यासाठी तो कोळशाच्या खाणीतून पाण्याबरोबर वाहून येणारा लोहयुक्त गाळ आणि मँगनीज वापरी. एट्रुरिया सुरू झाला त्या पहिल्या दिवशी चाकावर उतरवलेले कलश याच काळ्या मातीचे. बसाल्ट म्हणजे आमचाच कातळ, अजिंक्यताऱ्याचा, वाईच्या घाटांचा. ज्या माणसाकडं अकिकाचे सगळे रंग होते, त्यानं गौरवाच्या दिवशी काळा दगड निवडला. मी हे माझ्या मित्राच्या त्या पुतणीला सांगितलं तेव्हा तिनं ताबडतोब विचारलं, “काका, खाणीतला गाळ म्हणजे कसला? आपल्याकडं तसलं काय मिळेल?” तिला इतिहासात गोडी नव्हती, कृतीत होती, आणि ते योग्यच होतं.

उंबऱ्याजवळच्या फुटक्या फरश्यांचं काम मी आता तिलाच दिलं आहे. काळी, पांढरी, गेरूची, तीन रंगांची मळलेली माती लाटून, दाबून, जाड फरशी. तिला खात्री नाही. फरशी वाटीपेक्षा जाड, सपाट. वाळताना कोपरे उचलतात, आणि पाण्यातल्या चपला रोज तिच्यावर घासणार. म्हणून तिनं आधी एकच नमुना भाजून दिला आहे. तो मी मागच्या दाराशी, मोरीच्या वाटेवर, मसाल्यात पक्का बसवून घेतला. येणारा जाणारा प्रत्येकजण त्याच्यावर पाय देतो, कामाला येणाऱ्या मावशी त्याच्यावर बादली आपटतात. पावसाळाभर तो असाच वापरायचा, दिवाळीनंतर तिनं येऊन कड तपासायची, आणि टिकला असेल तर बाकीच्या फरश्यांची माती मळायला घ्यायची, असं आमचं ठरलं आहे.